भूल सोसत नाही

घरातलं म्हातारं माणूस एकच गोष्ट चौथ्यांदा सांगू लागलं की आपण काय करतो? ‘हो, हो, कळलं’ म्हणतो आणि वर्तमानपत्राचं पान उलटतो. त्यात आपण काही वाईट वागलो असं आपल्या मनातही येत नाही. जयपूरच्या आदर्श नगरात राहणाऱ्या विनय आगाशेच्याही मनात आलं नव्हतं.

विनय एका विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात अधिकारी होता. मूळचा वाईचा, पण अठरा वर्षांपूर्वी बदलीने जयपूरला आला आणि पुढे बढतीवर पाणी सोडून इथेच राहिला. बायको प्रतिमा शाळेत शिकवायची, मुलगी ऋचा दहावीला होती. वडील गेल्यावर आईला, पार्वतीबाईंना, त्याने वाईहून इकडे आणलं, त्यालाही चार वर्षं झाली होती. मुलगा गुणी हो, नाही कोण म्हणतं! आईला वेळेवर औषध, मऊ भात, थंडीत नवी रजई, कशाची म्हणून कमी नव्हती. फक्त तिचं बोलणं ऐकून घ्यायला त्याला सवड नव्हती, आणि ही उणीव घरात कुणाच्या लक्षातही आली नव्हती.

पार्वतीबाईंचा डावा डोळा काचबिंदूने कधीच गेला होता. राहिला उजवा, त्यात मोतीबिंदू पिकत चालला होता. वाईहून एक साप्ताहिक टपालाने यायचं, आठ दिवस शिळं. ते त्या भिंग धरून वाचायच्या, अगदी मागच्या पानावरच्या लग्नाच्या जाहिरातींपर्यंत. त्या हिवाळ्यात भिंगानेही अक्षरं लागेनाशी झाली. एकदा तर त्यांनी साखर समजून चहात मीठ घातलं आणि तो चहा कुणाला काही न सांगता पिऊनही टाकला. २००६ सालच्या फेब्रुवारीत विनयने ठरवलं, मार्च उजाडायच्या आत ऑपरेशन उरकून टाकायचं. मार्चमध्ये विमा कंपनीचा माणूस घरच्यांनाही भेटत नाही.

“विनू, डॉक्टरांना एक सांगशील का?” एका रविवारी आई म्हणाली. “मला भूल सोसत नाही.”

“आई, हे तू मला काल सांगितलंस.”

“काल तू ऐकलं नाहीस म्हणून आज सांगते. तू तेव्हा सहावीत होतास. मी दाढ काढायला गेले. डॉक्टरांनी हिरडीत सुई दिली आणि पाच मिनिटांत माझं तोंड सुजलं, अंगभर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा झाला. तुझ्या वडिलांनी टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. तिथले डॉक्टर म्हणाले, बाई, ही भुलीची सुई तुम्हाला पुन्हा चालायची नाही, कुणी टोचायला आलं की आधी सांगायचं. कागदही दिला होता लिहून.”

“कुठाय तो कागद?”

“घर आवरताना कुठे गेला कोण जाणे.”

“मग झालं तर! अगं, तेव्हाची औषधं वेगळी होती. आणि घाबरून चक्कर आली असेल तुला. आता डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे काहीच नाही. सकाळी जायचं, दुपारी घरी.”

ऋचा तिथेच वह्या पसरून बसली होती. जयपुरात जन्मलेली पोर, तिचं मराठी हिंदीच्या आधाराने चालायचं. “आजी, मतलब एलर्जी?” तिने विचारलं. “पापा, ते तर सांगायला पाहिजे ना?”

“तू तुझं गणित बघ,” विनय म्हणाला, आणि विषय संपला.

राजा पार्ककडच्या एका खासगी नेत्रालयात तारीख ठरली. आदल्या दिवशी तपासणीला गेले तेव्हा खिडकीवरच्या मुलीने चार पानी फॉर्म पुढे केला. वर नाव-पत्ता, खाली प्रश्नांची रांग आणि प्रत्येकासमोर दोन चौकोन, ‘हाँ’ आणि ‘नहीं’. मधुमेह? दमा? हृदयविकार? आणि सहावा प्रश्न, मरीज़ को किसी दवा या इंजेक्शन से कभी एलर्जी हुई है?

असले फॉर्म म्हणजे विनयच्या रोजच्या जेवणातलं मीठ. विम्याचे एजंट गिऱ्हाइकाला काही न विचारता वरून खालपर्यंत ‘नहीं’, ‘नहीं’ करत पेन ओढतात, हे त्याला पाठ होतं. पुढे माणूस मेला की तोच कागद विनयच्या टेबलावर यायचा. मग विनय जुने दवाखाने धुंडाळायचा, एखादा लपवलेला आजार शोधून काढायचा आणि ‘माहिती दडवली’ असा शेरा मारून विधवेचा दावा फेटाळायचा. एका ‘नहीं’ची किंमत त्या शहरात त्याच्याइतकी कुणाला ठाऊक असेल?

पण त्याच्या पुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी ‘हाँ’वर खूण केली होती, आणि खिडकीतली मुलगी त्यांना सांगत होती, “भाईसाहब, फिर पहले टेस्ट होगा, एनेस्थीसिया वाली मैडम देखेंगी, तारीख आगे जाएगी.” तारीख पुढे जाणार म्हणजे मार्च येणार. विनयने मनाशी हिशेब केला.

बाकावरून आईने विचारलं, “काय विचारतायत रे?”

“काही नाही, नाव-गाव.”

“आणि ते भुलीचं?”

“सांगितलं, सांगितलं,” विनय म्हणाला आणि त्याने वरून खालपर्यंत पेन ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पार्वतीबाईंना आत घेतलं. विनय आणि प्रतिमा बरोबर होते, पण नातेवाइकांना काचेच्या दारापाशीच थांबवत होते. विनयने आईच्या हातातल्या बांगड्या काढून रुमालात बांधल्या, चष्मा खिशात ठेवला. एक हसतमुख, ठेंगणी नर्स आली, तिने त्यांचा हात धरला. “आओ अम्माजी, आराम से.” पार्वतीबाई हिरव्या झग्यात चाचपडत आत गेल्या. दार लागता लागता त्या नर्सला काहीतरी सांगू लागल्या होत्या. विनयचा मोबाइल वाजला, ऑफिसचा होता, म्हणून तो जिन्याकडे वळला.

पाऊण तासाने एक नर्स धावत बाहेर आली आणि शेजारच्या खोलीतून एका मध्यमवयीन डॉक्टरबाईंना घेऊन धावत परत गेली. मागून प्राणवायूचं नळकांडं ढकलत नेलं. विनयने विचारलं, “क्या हुआ? किसको हुआ?” कुणी थांबलं नाही. प्रतिमा आतापर्यंत जपमाळ ओढत बसली होती, ती उभी राहिली. रुग्णवाहिका दाराशी येऊन लागली तेव्हा दोघांनाही कळून चुकलं होतं.

त्या डॉक्टरबाईंचं नाव मधुमती भार्गव. त्या भूलतज्ज्ञ होत्या. पार्वतीबाईंना मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पोचवून, त्यांचा श्वास थोडा मार्गावर आल्यावर त्या बाहेर आल्या. हिंदीतच बोलत होत्या, पण इतक्या सावकाश की एकेक शब्द विनयच्या काळजात उतरत गेला.

“इंजेक्शन दिल्यावर दहा-बारा मिनिटं काही झालं नाही. मोतीबिंदू फार पिकलेला होता, त्यामुळे सर्जनना छेद मोठा घ्यावा लागला. नेमक्या त्याच वेळी त्यांच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला, खोकल्याची जोरात उबळ आली. उघड्या डोळ्यावर तो दाब पडला, आत रक्तस्राव झाला. जीव वाचेल असं वाटतंय. डोळा वाचला नाही.”

“पण तो एकच होता हो!” प्रतिमा ओरडली.

“मला माहीत आहे,” डॉक्टर म्हणाल्या. मग विनयकडे वळून त्यांनी विचारलं, “याआधी कधी त्यांना सुईने असं झालं होतं?”

विनयची मान खाली गेली.

“तुम्ही काय करता?”

“विमा कंपनीत आहे. दावे... क्लेम्स बघतो.”

डॉक्टर भार्गवांच्या हातात फाइल होती. तिच्यातला तो फॉर्म काढून त्यांनी त्याच्यापुढे धरला. “मग हे मी तुम्हाला काय समजावू? अहो, नुसता एक ‘हाँ’ लिहिला असता तर मला आधी बोलावलं असतं. मी त्यांना विचारलं असतं, कुठली सुई, काय झालं, किती वेळात झालं. पुष्कळदा नेमका दोष औषधाचा नसतो, औषध टिकावं म्हणून त्यात घातलेल्या पदार्थाचा असतो. ते चाचणीत कळतं. चालत नसेल तर दुसऱ्या जातीचं औषध असतं. कधी नुसत्या थेंबांवर डोळा बधिर करता येतो, सुईच लागत नाही. पिकलेल्या मोतीबिंदूला ते अवघड, पण होतं. आणि काहीच जमलं नाही, तर मोठ्या रुग्णालयात हृदय तपासून पूर्ण बेशुद्ध करून करता येतं. एवढे रस्ते होते हो! उशीर झाला असता, एवढंच.”

“मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, काहीतरी बोलत असेल...”

“म्हाताऱ्या माणसाचं शरीर त्याच्याइतकं कुणाला कळतं?” डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “आमची मशिनं आत्ताचा रक्तदाब सांगतात. तीस-चाळीस वर्षांपूर्वी काय झालं ते फक्त तेच सांगू शकतात. आणि त्यांच्या तोंडावर हात ठेवणारे बहुतेक वेळा त्यांचेच शिकलेले मुलगे असतात!”

सहाव्या दिवशी पार्वतीबाई घरी आल्या. जीव वाचला होता. उजव्या डोळ्यावर पट्टी होती, ती निघाली तरी खाली आता काही नव्हतं. सकाळ झाली की नाही हे त्या भाजीवाल्याच्या हाकेवरून ओळखू लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी न्हाणीघरापर्यंत जाताना भिंतीवर दोनदा डोकं आपटून घेतलं, पण हाक मारली नाही.

घरात माणसांची रीघ लागली. जयपुरातली मराठी मंडळी तशी थोडी, पण अडीअडचणीला सगळी धावून येतात. जो तो येऊन तावातावाने सांगे, “आगाशे, सोडू नका! हॉस्पिटलवर केस ठोका.” विनय मान हलवायचा. त्या नेत्रालयात चौकशी चालू होती आणि पार्वतीबाईंना आत नेणाऱ्या नर्सला घरी बसवलं होतं, हेही त्याच्या कानावर आलं. तो त्यावरही काही बोलला नाही. फॉर्मविषयी डॉक्टरांना ठाऊक होतं, प्रतिमाला ठाऊक होतं, पण बाहेर कुणाला नव्हतं, आणि मुख्य म्हणजे आईला नव्हतं.

आई मात्र सारखी एकच बोलायची. “माझंच चुकलं रे विनू. तू डॉक्टरांना सांगितलं होतंस, तरी मला राहवेना, मी त्या पोरीलाही सांगायला गेले. माझं हिंदी हे असं. काय समजली ती, कोण जाणे. माझ्या तोंडानेच घोळ घातला बघ. नीट सांगता आलं असतं तर डोळा राहिला असता.”

विनय तिच्या शेजारी बसून भात कालवून भरवत असायचा. तो म्हणायचा, “असू दे आई, तू विचार करू नकोस.” आठ दिवस तो हेच म्हणत राहिला. ऋचाने एकदा बापाकडे असं बघितलं की तो उठून गच्चीत गेला. पोरीने त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं सोडलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी विनय आईला भरवत असताना दाराची कडी वाजली. ऋचाने दार उघडलं. साध्या सुती साडीत तीच ठेंगणी नर्स उभी होती, हातात संत्र्यांची पिशवी. तिचं नाव संतोष. शास्त्री नगरात राहायची, दोन बस बदलून आली होती. आत येऊन ती पार्वतीबाईंच्या पलंगापाशी जमिनीवरच बसली आणि तिने त्यांचे पाय धरले.

“अम्माजी, मुझे माफ़ कर दो. आपने तो मुझे बोला था.”

“काय म्हणते?” पार्वतीबाईंनी विचारलं.

संतोष विनयकडे वळून रडत रडत सांगू लागली. “साहब, अंदर जाते-जाते अम्माजी ने मेरा हाथ पकड़कर दो बार कहा, बेटी, मुझको भूल सहन नहीं होती. भूल से बहुत तकलीफ़ होती है. मैंने सोचा, अम्माजी डरी हुई हैं, कह रही हैं कि देखना, कोई गलती न हो. मैंने हँसकर कहा, अम्माजी, चिंता मत करो, हमारे यहाँ भूल नहीं होती! यह सुनकर अम्माजी को तसल्ली हो गई. बोलीं, भूल नहीं ना? फिर ठीक है. और चुपचाप लेट गईं. अब अस्पताल वालों ने इसी बात पर मुझे घर बिठा दिया है.”

विनयच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. भूल! मराठीत भूल म्हणजे बधिर करायचं औषध. हिंदीत भूल म्हणजे चूक. आईने आपल्या मोडक्या हिंदीत जिवाच्या आकांताने सांगितलं होतं, ‘मला भूल नको’, आणि त्या मुलीने शब्द दिला होता, ‘आमच्याकडे भूल होत नाही.’ त्या शब्दावर विश्वास ठेवून आई निवांत आडवी झाली होती, सुई टोचली तेव्हाही ती भुलीची नसणार असं समजून. अठरा वर्षं या गावात काढलेल्या मुलाला एवढं सुचलं नाही की आईला एक शब्द शिकवावा! ‘सुन्न’. सुन्न करायची सुई मला चालत नाही. ऋचानेसुद्धा तो सांगितला असता, पण तिला आपण गणिताला बसवलं होतं.

पार्वतीबाईंना सगळं कळलं नाही, पण भूल हा शब्द कळला, आणि या पोरीला घरी बसवलंय हेही कळलं. त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे मीच चुकीचं बोलले. बघ, मी म्हणत होते ना! हिला का रे शिक्षा? हिला सांग, माझंच चुकलं.”

आणि मग विनयला ते सहन झालं नाही. हातातली वाटी खाली ठेवून तो ओरडलाच, “नाही आई! तुझं चुकलं नाही! हिचंही चुकलं नाही. मी चुकलो!”

संतोषने पाय सोडून वर बघितलं. विनय बोलतच राहिला.

“मी डॉक्टरांना काहीच सांगितलं नव्हतं. तुला खोटं सांगितलं. फॉर्मवर विचारलं होतं, औषधाने कधी त्रास झालाय का. मी ‘नाही’ लिहिलं. मला मार्चच्या आत उरकायचं होतं. तू सांगत होतीस ते मला खरंच वाटत नव्हतं.”

पार्वतीबाईंनी आवाजाच्या दिशेने तोंड फिरवलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

“डोळा गेला तो गेला. माझं आता किती राहिलंय? पण विनू, मी इतके दिवस स्वतःलाच बोल लावत होते, आणि तू इथे शेजारी बसून मला भरवत होतास.”

विनय आईच्या पायाशी, त्या नर्सच्या शेजारी, तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने आईच म्हणाली, “आधी हिचं बघ. पोरीची नोकरी घालवू नकोस.”

त्याच संध्याकाळी विनय नेत्रालयात गेला. स्वतःच्या हाताने त्याने निवेदन लिहून दिलं: आईला पूर्वी असा त्रास झाल्याचं मला माहीत होतं, मी ते जाणूनबुजून लपवलं, नर्सचा यात दोष नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदावर मारलेला शेरा त्या दिवशी त्याने स्वतःच्या नावापुढे लिहिला. डॉक्टर भार्गव तिथेच होत्या. त्यांनी निवेदन वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, “हे दोन आठवड्यांपूर्वी लिहिलं असतंत तर!”

संतोष कामावर परतली. केस करा म्हणून सांगायला आलेल्या प्रत्येकाला विनय खरी हकीकत सांगू लागला. ऐकून काहीजण उठून गेले, पुन्हा आले नाहीत. पण काहीजण थांबले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “आमच्या बाबांनाही एका गोळीने असंच अंगावर उठतं. आम्ही कधी कुणाला सांगितलं नाही.” अशा माणसाला विनय तिथल्या तिथे कागद-पेन देतो आणि बाबांना फोन लावायला लावतो. कुठलं औषध, काय झालं, केव्हा झालं, हे त्यांच्याच तोंडून ऐकून मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहायला लावतो. काही लोक याला आगाशेचं खूळ म्हणतात. म्हणोत बापडे.

ऋचा आता बापाशी बोलते, पण पूर्वीसारखं नाही. आईने त्याला माफ केलं की नाही, हे विनयला आजतागायत कळलेलं नाही. तसं विचारायची त्याची छाती झालेली नाही.

तेव्हा मंडळी, एक विनंती. दवाखान्याच्या खिडकीवर आपल्या आईबापांचा फॉर्म भरायला घ्याल, तेव्हा पेन टेकवण्याआधी मागे वळा. बाकावर बसलेल्या त्या माणसाला त्याच्या भाषेत विचारा, आजवर कुठल्या औषधाने, कुठल्या सुईने तुला त्रास झाला का? ते लांबण लावतील, टांग्यापासून सुरुवात करतील, चारदा सांगितलेलं पाचव्यांदा सांगतील. सांगू द्या! मागची रांग थांबेल, तारीख पुढे जाईल, साहेब रागावेल. तेवढं सोसा, कारण शरीर त्यांचं आहे आणि त्या चौकोनात खूण कुठे करायची हे त्यांनीच सांगायचं आहे. आपण फक्त ऐकायचं आणि जसंच्या तसं लिहायचं.